वळकटीतली मिरची

फेब्रुवारीत मॉस्कोत खिडकीबाहेर बर्फ असतो आणि खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ढोबळी मिरचीचं बी पेरलं जात असतं. रात्री पाणी गोठण्याची भीती तिथे मे महिना संपत आला तरी सरत नाही, आणि सप्टेंबरात थंडी पुन्हा दारात येते. मधल्या तीन महिन्यांत बी टाकून, रोप वाढवून, फळ पिकवणं मिरचीला जमत नाही. म्हणून तिचे पहिले तीन-चार महिने घरात, उबेत काढून घ्यायचे आणि जूनच्या सुरुवातीला चांगलं वाढलेलं रोपच जमिनीत लावायचं, ही तिकडची रीत.

जमीन असते शहराबाहेर, 'दाचा'वर. दाचा म्हणजे छोटंसं लाकडी घर आणि त्याभोवतीचा जमिनीचा तुकडा. सोव्हिएत काळात या तुकड्याचं रूढ माप होतं सहा सोत्का. एक सोत्का म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा त्याहून जेमतेम एक चौरस मीटर मोठा. म्हणजे लावणीला सहा गुंठे रान आणि रोपं तयार करायला फ्लॅटमधली एखादी खिडकी. त्याच खिडकीत टोमॅटो, त्याच खिडकीत वांगी. अशा अडचणीत तिथल्या हौशी बागकाम करणाऱ्यांमध्ये एक युक्ती रुळली. तिचं नाव 'उलित्का', म्हणजे गोगलगाय. लॅमिनेटच्या फरशीखाली अंथरतात त्या पातळ फोमची पट्टी घ्यायची, तिच्यावर मातीचा थर पसरायचा, पट्टी गुंडाळायची आणि ती गुंडाळी उभी ठेवायची. वरून पाहिलं तर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं दिसतं, आणि त्या वेटोळ्यातल्या मातीत ओळीनं मिरची उगवते.

मी तिला वळकटी म्हणते. अळूवडीचे उंडे वळणाऱ्या हाताला ती वेगळी शिकावी लागत नाही.

पुण्यातली माझी गॅलरी तीन फूट बाय आठ फूट आहे. त्यात वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या आणि आधीपासूनच्या कुंड्या. पहिल्या वर्षी मी चहाच्या चाळीस कागदी कपांत मिरची पेरली होती. सात सेंटिमीटर तोंडाचे चाळीस कप शेजारी शेजारी ठेवले तर दोन चौरस फुटांहून थोडी जास्त जागा अडते आणि माती पाच-सहा लिटर लागते. कपडे वाळत घालताना ते कप रोज इकडून तिकडे हलवले जात. पंधरा दिवसांत बुडं भिजून फाटली. शेवटी हाती लागली नऊ रोपं. एवढा खटाटोप करून लक्षात आलं ते हे, की त्या कपांमधली बहुतेक माती महिनाभर रिकामीच होती. मिरचीचं पंधरा दिवसांचं रोप म्हणजे दोरा-सुईएवढं मूळ आणि दोन पानं. त्याला मी वाटीभर माती दिली होती, आणि जी ऊब आणि जो उजेड द्यायला हवा होता तो दिला नव्हता.

रोपाला लागणारी जागा त्याच्या वयाबरोबर वाढते. भातशेती करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कोकणात तरवा, म्हणजे भाताचं रोप, दाट पेरतात आणि मग लावणीत ते विरळ लावतात; एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. नव्वद टक्के रान तोवर मोकळं राहतं. घरातल्या मिरचीलाही हाच हिशेब लावता येतो, फक्त त्याच्या पायऱ्या थोड्या जास्त बारीक करायच्या. पहिल्या पायरीला तर मातीही लागत नाही.

मटकीला मोड आणायला आपण माती वापरत नाही. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची, उबेला ठेवायची. मिरचीचंही तेच करायचं. बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवावं, मग ओल्या टिश्यू पेपरच्या किंवा सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये पसरून झाकणाच्या छोट्या डब्यात घालावं. कागद ओला हवा, पण पिळला तर पाणी निथळता कामा नये. पाण्यात बुडालेल्या बियांना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात. दिवसातून एकदा झाकण उघडायचं. पन्नास बियांना साबणाच्या डबीएवढी जागा झाली, आणि ती डबी गॅलरीत ठेवायचीही गरज नाही.

फरक एवढाच, की मटकी एका रात्रीत मोड दाखवते आणि मिरची आठवडाभर काहीच दाखवत नाही. यात बियाण्याचा दोष नसतो. मिरचीच्या चपट्या बीत कोंब वळून बसलेला असतो आणि त्याच्याभोवती भ्रूणपोषाचा, म्हणजे साठवलेल्या अन्नाचा, घट्ट थर असतो. मुळाचं टोक बाहेर यायचं तर त्याच्या समोरचा हा थर आधी मऊ व्हावा लागतो. ते काम विकरांचं, आणि विकरांचा वेग तापमानावर ठरतो. माध्यमाचं तापमान 25 ते 30 अंश असेल तर मिरची साधारण आठ दिवसांत उगवते. 20 अंशांना तेरा दिवस लागतात. 15 अंशांना पंचवीस. तोवर बी ओल्या मातीत पडून राहिलं तर बुरशीला तेवढेच दिवस मिळतात. 'माझी मिरची उगवलीच नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा डिसेंबर-जानेवारीतल्या असतात, आणि त्यांचं उत्तर इथे आहे. जानेवारीत पुण्यात पहाटे 10-12 अंश असतात. गॅलरीतली कुंडी तेवढीच गार होते. डबी मात्र वाय-फायच्या राउटरवर, सेट-टॉप बॉक्सवर किंवा फ्रिजच्या कोमट बाजूला टेकवून ठेवता येते. हात लावल्यावर नुसतं कोमट वाटलं पाहिजे, चटका नको. मुंबईत किंवा किनारपट्टीला ही काळजी फारशी करावी लागत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये नागपूर-जळगावकडे डबी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी, कारण 35 अंशांपुढे उगवण पुन्हा घसरू लागते.

पांढरं मूळ दोन-तीन मिलिमीटर दिसलं की बी उचलायचं. याहून उशीर केला तर मूळ कागदाच्या तंतूंत शिरतं आणि काढताना तुटतं. उगवलेलंच बी पुढे न्यायचं, हा या पायरीचा मोठा फायदा. जे उगवणारच नाही त्याच्यासाठी जागा, माती, पाणी काहीच खर्च होत नाही. जुन्या बियाण्याच्या बाबतीत तर ही परीक्षाच आहे, कारण मिरचीचं बी दोन-तीन वर्षांनंतर झपाट्यानं निकामी होऊ लागतं.

आता वळकटी.

पट्टी साधारण बारा सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर लांब असावी. फरशीखालचा फोम मिळाला तर उत्तमच, पण नव्या टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येणारा पातळ पॅकिंगचा फोम किंवा बबल रॅप तितकाच चालतो. दुधाची पिशवी कडेनं कापून, धुऊन, उघडून घेतली तर दहा-बारा रोपांची छोटी वळकटी होते, आणि वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळ्या छोट्या वळकट्या मला तर जास्त सोयीच्या वाटतात. नाव लिहिलेली चिकटपट्टी बाहेरून लावली की काम झालं.

भरायला कोकोपीट दोन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात क्षार असू शकतात, म्हणून विटेसारखा ठोकळा भिजवून फुलल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुवावा आणि घट्ट पिळावा. बागेतली नुसती काळी माती इथे घालू नये. ती भिजली की चिकटून बसते, वाळली की तडकते, आणि एवढ्याशा थरात मुळं गुदमरतात. भिजवलेलं मिश्रण मुठीत दाबल्यावर लाडूसारखं बसावं, पण पाणी सुटू नये. ते पट्टीवर एक सेंटिमीटर जाडीनं पसरायचं, वरच्या कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडायची, आणि एका टोकापासून वळत न्यायचं. फार घट्ट नाही, फार सैल नाही. शेवटी दोन रबर बँड. वळकटी उभी करून उथळ डब्यात ठेवली की वरून टूथपिकनं छोटी छोटी भोकं पाडायची, अर्धा सेंटिमीटर खोल, एकमेकांपासून अडीच सेंटिमीटरवर. प्रत्येकात एक मोड आलेलं बी, मूळ खाली करून. वर चिमूटभर कोकोपीट टाकून हलकंसं दाबायचं. हे दाबणं विसरू नये. माती सैल राहिली की कोंब वर येताना बियाचं टरफल मातीत घासून सुटत नाही. ते टोपीसारखं पानांवर अडकून बसतं. अडकलंच तर ओढू नये, पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवून तासाभरानं अलगद सरकवावं.

एक मीटर पट्टी, एक सेंटिमीटर मिश्रण आणि फोमची जाडी धरून जे वेटोळं होतं त्याचा व्यास बारा-तेरा सेंटिमीटर भरतो. चहाच्या बशीएवढा. त्यात चाळीस बिया मावतात आणि मिश्रण लागतं लिटरभर. तीच चाळीस रोपं, ज्यांना आधी दोन चौरस फूट लागले होते.

पाणी वरून घालू नये. डब्यात बोटभर पाणी ओतावं. कोकोपीट ते खालून शोषून वर चढवतं. अर्ध्या तासानं उरलेलं पाणी ओतून टाकावं. यात दोन गोष्टी साधतात. मूळ पाण्याच्या शोधात सरळ खाली जातं, आणि मातीचा वरचा पृष्ठभाग फार ओला राहत नाही. ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे, कारण लहान रोपांचा सर्वांत मोठा शत्रू तिथेच असतो. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरश्या ओल्या, कोंदट जागी रोपाला मातीलगत धरतात. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी कंबरेत मोडल्यासारखं आडवं पडलेलं दिसतं. रोपवाटिकेतले लोक याला रोपं कोलमडणं म्हणतात. एकदा रोप पडलं की ते वाचत नाही. मिश्रणात आधीच चमचाभर ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावी, झाकण-पिशवी असेल तर कोंब दिसताच काढून टाकावी, आणि दिवसातून थोडा वेळ वारं लागू द्यावं. दाट पेरणीत हा धोका वाढतो. जागा वाचवण्याची एवढी किंमत आहे आणि ती रोजच्या नजरेनं चुकती करावी लागते.

दुसरी किंमत उजेडाची. माती वाचवता येते, भांडी वाचवता येतात, उजेड वाचवता येत नाही. आपल्याकडे याचा धडा दर नवरात्रात देवघरात दिसतो. घटाखालच्या परडीत पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पण किती फिकं, पिवळसर आणि नाजूक असतं ते! अंधाऱ्या कोपऱ्यात उगवलेला कोंब सगळी शक्ती उंची गाठण्यात लावतो, म्हणजे वर कुठेतरी उजेड असेल तर तो गाठता यावा. घटातल्या धान्याचं ते रूप आपल्याला प्रिय आहे, पण मिरचीचं रोप असं झालं तर पुढे उभं राहत नाही. म्हणून पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी वळकटी घरातल्या सर्वांत उजळ जागी हलवायची. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळणारी पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. ऊन एकाच बाजूनं येत असेल तर वळकटी रोज पाव वळसा फिरवावी. बशीएवढी वस्तू फिरवायला कितीसा वेळ लागतो! खिडकीच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर टांगावी आणि चौदा-पंधरा तास चालू ठेवावी. छतावरची ट्यूब यासाठी उपयोगाची नाही. अंतर वाढलं की उजेड फार वेगानं क्षीण होतो. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, रोपाला ती संध्याकाळ असते.

वळकटीशिवायही मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. बुडाला भोकं पाडून, मिश्रण भरून, त्यात तीस-चाळीस बिया दाट पेरायच्या आणि बीजदलं, म्हणजे पहिली दोन लांबट पानं, पूर्ण उघडली की एकेक रोप चमच्याच्या दांड्यानं उचलून वेगळं लावायचं. जागा वळकटीइतकीच वाचते. पण मुळं एकमेकांत गुंततात आणि मिरचीला मुळं तुटलेली टोमॅटोइतकी सोसत नाहीत. आठवडाभर रोप रुसून बसतं. नवख्या हातानं करायचं असेल तर मी वळकटीच सुचवीन.

व्यावसायिक रोपवाटिकेत 98 कप्प्यांचा प्रो-ट्रे वापरतात. तो सुमारे 54 बाय 27 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दीड चौरस फुटाहून थोडा मोठा. घरी पूर्ण ट्रे कशाला हवा? कात्रीनं कापून वीस कप्प्यांचा तुकडा काढावा. त्यात रोप पूर्ण पाच-सहा पानांचं होईपर्यंत राहू शकतं, मधे हलवावं लागत नाही. कप्प्याच्या तळाशी भोक असतं. मूळ तिथल्या हवेला पोचलं की टोक सुकतं आणि वर नवे फाटे फुटतात, त्यामुळे मुळांचा छान गठ्ठा बनतो. ज्याला दहा-वीसच रोपं हवीत आणि ज्याचा हात सारखा इकडे लागणार नाही, त्याच्यासाठी हा तुकडा चांगला.

मातीविनाही वळकटी करतात: प्लॅस्टिकच्या पट्टीवर टिश्यू पेपर, त्यावर बिया, आणि गुंडाळी पाण्यात उभी. मॉस्कोच्या बंद खिडकीत ते चालत असेल, पण आपल्याकडच्या मार्चच्या कोरड्या हवेत वरची कडा दुपारपर्यंत वाळते, आणि बीमधलं अन्न संपलं की कागदात रोपाला खायला काही नसतं. अंड्याच्या टरफलातली रोपं फोटोत सुंदर दिसतात, पण दोन-तीन आठवड्यांत मुळांना ते पुरेनासं होतं. वर्तमानपत्राचे पेले बरे असतात. कागदाची कड मातीच्या वर ठेवू नये, नाहीतर ती वातीसारखं पाणी ओढून हवेत घालवते.

वळकटीत रोप तीन ते चार आठवडे राहू शकतं. बीजदलांच्या मधून खरी पानं येतात. त्यांची पहिली जोडी मोठी होऊन दुसरी डोकावू लागली आणि शेजाऱ्यांची पानं एकमेकांवर येऊ लागली की थांबू नये. रबर बँड काढून पट्टी ओट्यावर उलगडायची. हा क्षण मला फार आवडतो. तपकिरी थरावर पांढऱ्या मुळांच्या रेषा कंगव्यासारख्या खाली गेलेल्या असतात, प्रत्येक रोपाची वेगळी. जे रोप घ्यायचं त्याच्या दोन्ही बाजूंनी मिश्रण बोटानं चिरायचं आणि ते चौकोनी तुकड्यासकट उचलायचं. खोड चिमटीत धरू नये, पान धरावं. पान गेलं तर दुसरं येतं. नव्या जागी पूर्वीच्याच खोलीवर लावावं. टोमॅटोचं खोड मातीत पुरलं की त्याला मुळं फुटतात, म्हणून तो खोल लावतात. मिरचीला तसा फायदा होत नाही.

इथे एक खरं सांगायला हवं. चाळीसच्या चाळीस रोपं पुढे वाढवायची असतील तर वळकटीनं जागेचा प्रश्न सुटत नाही, फक्त महिनाभर पुढे जातो. पण चाळीस लावायचीच कोणाला असतात? चार माणसांच्या घराला मिरचीची चार-पाच झाडं पुरतात, आणि प्रत्येकाला दहा ते बारा इंची कुंडी लागते. वळकटीत जास्त पेरायचं ते निवडायला मिळावं म्हणून. आखूड पेऱ्यांची, जाड खोडाची, गडद पानांची सात-आठ रोपं ठेवायची आणि बाकीची ओल्या कागदात गुंडाळून सोसायटीत वाटून टाकायची.

विकतचं रोप दहा-वीस रुपयांना मिळत असताना हे सगळं कशासाठी, असं विचारणारे भेटतात. माझ्यासाठी उत्तर जातीत आहे. नाक्यावरच्या नर्सरीत मिळतं ते 'मिरचीचं रोप', फार तर 'तिखट' किंवा 'ढोबळी'. मला लवंगी हवी असते, संकेश्वरी हवी असते, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारांवरची, भौगोलिक मानांकन मिळालेली खोला मिरची हवी असते. पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेची ही वनस्पती सोळाव्या शतकात गोव्याला उतरली. इंग्रजीत आणि रशियनमध्ये मिरी आणि मिरची दोन्हींना आजही एकच शब्द चालतो. आपण मिरीवरून तिचं वेगळं नाव केलं आणि मग गावागावानं तिच्या वेगळ्या जाती जपल्या. अशा जातीचं बी गावाकडून मूठभर येतं, कधी नुसती वाळलेली मिरचीच हातात पडते. उन्हात वाळवलेल्या, याच वर्षीच्या लाल मिरचीतलं बी बहुधा उगवतं. बाजारातल्या हिरव्या मिरचीतलं बी कोवळं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नये. संकरित वाणाच्या फळातलं बी लावलं तर झाड मूळ वाणासारखं येईलच असं नाही. आणि मूठभर बीतून एखादी जात टिकवायची असेल, तर कुठलं बी जिवंत आहे हे डबीत पाहून मगच त्याला जागा द्यायची, ही रीत मला सर्वांत जबाबदारीची वाटते.

वेगळी केलेली रोपं चार इंची कुंडीत किंवा दह्याच्या डब्यात आणखी दोन-तीन आठवडे वाढवायची. कोकोपीटमध्ये अन्न नसतं आणि गांडूळखताचंही लवकर संपतं, तेव्हा आठवड्यातून एकदा 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम एवढंच द्यावं. शेवटच्या आठवड्यात पाणी थोडं कमी करून रोपांना रोज थोडं जास्त ऊन दाखवावं, म्हणजे मोठ्या कुंडीत गेल्यावर ती माना टाकत नाहीत. बी भिजत घातल्यापासून मोठ्या कुंडीपर्यंत सगळे मिळून सुमारे पन्नास दिवस. मृगाच्या पहिल्या सरी मिरचीवर पडाव्यात असं वाटत असेल, तर डबी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भरावी. अक्षय तृतीयेला बी लावायची घरची प्रथा असेल, तर त्या दिवशी भिजवलेलं बीही साधारण जूनमध्येच कुंडीत जाईल.